पेंढ्यातली लाल गाडी

१९ ऑक्टोबर १९६१, दसरा

सकाळी अवजारांची पूजा झाली. नांगर, कोयते, विळे, पाटा, सगळं अंगणात मांडलं होतं. मग मी दरवर्षीप्रमाणे पळी आणि खुरासणीच्या तेलाचा बुधला घेऊन छपरीत गेले. पेंढा बाजूला सारला, गाडीच्या इंजिनाचे चारी प्लग काढले आणि प्रत्येक भोकात पळीभर तेल सोडलं. झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं. मी स्वतःला लावत नाही, तिला लावते. आत कोणी येत नाही, म्हणून हरकतही कोणी घेत नाही.

जेवणं झाल्यावर गणूनं विषय काढला. छपरीत भाताची गिरणी बसवायची आहे. इंजिन कल्याणहून यायचं आहे. माणसं भात भरडायला पार शहापूरला जातात, इथे गिरणी झाली तर साऱ्या गावाची सोय होईल. म्हणणं खोटं नाही. मग म्हणाला, पौषात म्हशाच्या जत्रेला कल्याणचा भंगारवाला येतो, त्याच्याबरोबर ते लोखंड पाठवून देऊ.

गणू माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच्या चड्डीची नाडी मी बांधत असे. म्हणून अजून त्याला अरेतुरे करते. मी म्हटलं, ते लोखंड नाही, गाडी आहे, आणि तुझ्या भावाची आहे.

तो खाली बघत म्हणाला, "वैनी, चालती ती गाडी. ही बसलेली हाय."

पोलीस पाटील ओसरीवर पान लावत होते. त्यांनी तोंड घातलं. म्हणाले, मग वैनीनं चालवून दाखवावी. जत्रेच्या दिवसापर्यंत गाडी आपल्या चाकांनी छपरीबाहेर आली, बैल न लावता, कोणी न ढकलता, तर राहील. नाहीतर भंगारात. सगळे हसले. मी म्हटलं, कबूल. मग हसणं जरा कमी झालं.

गणूची बायको, माझी जाऊ कमळ, उष्टी उचलत होती. मोठ्यानं म्हणाली, "बाय माजे, आता आमच्या घरात डायवर पन निघाली."

बोलले ते बोलून गेले. आता मागे घेणार नाही.

२२ ऑक्टोबर

सगळा पेंढा काढला. दोन दिवस शिंकतेय. इतक्या वर्षांत मी तिला तुकड्यातुकड्यानं पाहिलं होतं, पुढचं नाक, एक चाक, आरशाचा गज. आज पुरी दिसली. दोघांपुरती, लाल, तारांची चाकं, वर छप्पर नाही. छप्पर नाही म्हणून गावात तिला बोडकी म्हणतात. मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

तानशाच्या बाजूला मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. शेठ शिकारीला येई, आणि हे त्याचे मिस्त्री आणि ड्रायव्हर. शेठ कायमचा विलायतेला गेला तेव्हा चार माणसांसमोर गाडी ह्यांच्या हवाली करून गेला. तीन वर्षं ह्यांनी तिला चालवली, शेजारी गणू भोंगा वाजवायला. दोन उन्हाळे मलाही शिकवली, भात कापून झालेल्या मोकळ्या शेतात. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग लढाई आली. पेट्रोल मिळेना. ह्यांनी गाडी सागाच्या ओंडक्यांवर चढवली, पेंढ्यानं झाकली आणि मिलिटरीच्या लॉरीवर गेले. जाताना सांगितलं, दर दसऱ्याला प्लग काढून तेल सोड, म्हणजे आत गंज धरणार नाही, लढाई संपली की काढू.

लढाई संपायच्या आधीच ह्यांची लॉरी थळ घाटात दरीत गेली. तेल सोडायचं मी थांबवलं नाही. थांबव असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

बैठकीच्या काथ्यात कमळच्या कोंबड्यांनी घर केलं आहे. ती भांडायला आली. कोंबड्यांना उठवलं तर अंडी कुठे घालतील म्हणते. मी म्हटलं, तुझ्या डोक्यावर.

५ नोव्हेंबर

हँडल हलत नाही. गाडीच्या नाकात बाहेरून हँडल घालून फिरवलं की इंजिन फिरलं पाहिजे. मी लटकले, तरी जाग्यावर.

किन्हवलीच्या शाळेतल्या गुरुजींकडून पाण्याच्या पंपाच्या इंजिनावरचं एक पुस्तक आणलं आहे. पंपाचं असलं तरी पोट सगळ्या इंजिनांचं सारखंच असावं. हळूहळू वाचते. मी अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुड्यांवरून. अर्धी बातमी एका पुडीवर, उरलेली कधी सापडायचीच नाही. त्यापेक्षा हे पुस्तक बरं, अख्खं तरी आहे.

रॉकेलचा डबा आणून ठेवला. गंजलेले नट त्यात बुडवायला.

१२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आज चांगो मिस्त्री आला. कसाऱ्याला घाट चढणाऱ्या ट्रकांची कामं करतो. पोरगा होता तेव्हा ह्यांच्या हाताखाली होता, असं तो सांगतो. मला आठवत नाही. बोलणं अखंड. उंबरमाळीच्या उतारावर बिनब्रेकचा ट्रक कसा थांबवला ते सांगण्यात चहा निवला.

मग त्यानं प्लगच्या भोकात काडी घातली. काडी बाहेर काढली तर तिच्याबरोबर गुळाच्या पाकासारखी तपकिरी तार आली. त्यानं हुंगलं. माझ्याकडे बघितलं.

"वैनी, यात काय वतलंस?"

मी सांगितलं. तो खालीच बसला आणि ठसका लागेस्तोवर हसला. "इंजिन हाय का भज्याची कढई?" म्हणाला. ह्यांनी सांगितलेलं तेल मशीनचं. खुरासणीचं खायचं तेल नव्हे. खुरासणीचं तेल वाळलं की डिंक होतो, आणि आतले दट्टे, म्हणजे पिस्टन, त्या डिंकात बसले आहेत.

ह्यांनी मशीनच्या तेलाचा डबा ठेवला होता, तो दोन दसरे पुरला. लढाईत साधं रॉकेल दिसत नव्हतं, मशीनचं तेल कुठून आणणार? मग घरात होतं ते दिलं. आम्ही खाल्लं तेच तिला दिलं. चांगोला म्हटलं, हसून झालं असेल तर हे सांग, आत गंज आहे का? त्यानं आरसा लावून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग नाइलाजानं म्हणाला, "गंजाचा ठिपका नाय."

झालं तर मग.

पण नंतर त्यानं एक लाकडाचा ठोकळा आत धरला आणि वरून हातोडी घालायला लागला. तिसऱ्या घावाला मी हातोडी हिसकावून घेतली. त्याला राग आला. म्हणाला, हे इंजिन सुटायचं नाही, भंगारवाल्याला चहा पाजा आणि द्या. गेला.

२० नोव्हेंबर

काही झालं नाही. भातकापणी चालू आहे. विळा हातात असला की डोकं मोकळं राहतं, आणि मोकळ्या डोक्यात नको ते येतं. दर दसऱ्याला मी एवढ्या निगुतीनं जे केलं, त्यानंच ती बसली. हे असते तर हसले असते की रागावले असते? हसले असते बहुतेक. ह्यांना रागवायला फार वेळ लागे.

कमळ शेजारणीला सांगत होती, आक्का, म्हणजे मी, शेतात रडते. भाताचं कुसळ डोळ्यात जातं.

३ डिसेंबर

मळणी सुरू. खळ्यावर माणसं जेवायला, त्यामुळे चूल विझत नाही. आज फोडणीला तेल काढायला गेले तर बुधल्याचं बूच तेलानं चिकटून घट्ट बसलेलं. मी कोयत्याच्या पाठीनं ठोकायला लागले. कमळनं बुधला माझ्या हातातून ओढून घेतला.

"ठोकून बूच निघतं व्हय, आक्का? फुटंल ना. कढत पानी वत मानंवर, आपसूक सुटंल." आणि मग छपरीच्या दिशेनं तोंड करून, "कुनाकुनाला अक्कल सांगायची."

मला सबंध दुपार राग होता. एवढ्या माणसांसमोर बोलायचं काय कारण? संध्याकाळी भाताच्या राशीवर सूप धरून उभी होते, आणि एकदम सूप खाली ठेवलं. पंपाच्या पुस्तकात चित्र आहे. इंजिनाच्या भिंतीत पाणी फिरायला पोकळी असते. वरून ओतायचं, खालच्या तोटीतून सोडायचं. दट्ट्या म्हणजे तरी काय, तेलात बसलेलं बूच.

कमळ नुसतं भांडण्यासाठी बोलली, पण माझ्या उपयोगी पडलं.

६ डिसेंबर

अंगणात तीन दगडांवर हंडा मांडला आहे. खळ्यावरून आल्यावर पाणी कढवते आणि तांब्या तांब्या करून इंजिनात ओतते. खालून सोडते, पुन्हा ओतते. वरून प्लगच्या भोकांतून रॉकेल. हात पोळले. कमळ ओरडते की जळण संपवशील, पावसाळ्यात काय माझी हाडं लावायची चुलीत? पण ढीग काही कमी दिसत नाही. यंदाची लाकडं चिवट असावीत. रॉकेलसुद्धा पुरवठ्याला येतंय.

गणू रोज हंड्याच्या बाजूनं जातो आणि बघत नाही. तो छपरीत पाऊलच टाकत नाही. पेंढा हवा असला तरी गड्याला पाठवतो. एवढा तिरस्कार कशाचा ते त्यालाच ठाऊक.

१२ डिसेंबर

फिरलं.

पाणी इतकं कढत होतं की इंजिनाला हात लावता येत नव्हता. हँडलवर दोन्ही हात ठेवून अंग टाकलं. आधी काही नाही. मग बोटभर खाली गेलं, फार हळू, झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तसं. मी तशीच धरून राहिले. सोडलं तर परत बसेल अशी भीती वाटली. मग आणखी थोडं. मग एक अख्खा फेरा, आणि भोकांतून काळंतपकिरी रॉकेल माझ्या तोंडावर उडालं.

तशीच खळ्यावर गेले. गणू भात वारवत होता. मी म्हटलं, फिरलं रे. त्यानं सूप थांबवलं नाही. "वारा हाय तवर उरकू दे वैनी," म्हणाला. पण सूप रिकामं होतं.

२१ डिसेंबर

पेपरात गोव्याची बातमी आहे. गुरुजींनी शाळेत साखर वाटली. मी साखर घेतली आणि टायरचं विचारलं. त्यांनी कल्याणला माणसाकरवी चौकशी केली होती. या मापाचं टायर आता येत नाही, मुंबईतही नाही. आपली टायरं जाड आहेत, भेगा पडल्या तरी धड आहेत. पण आतल्या ट्यूबा पापडासारख्या हातात मोडल्या.

वाडीवरची तानी मोळी टाकायला आली होती. माझ्याच वयाची. तिचा नवरा ह्यांच्या आधी दोन वर्षं गेला. मी तिच्या मोळ्या घेते आणि ती माझी खोड काढते, असं आमचं इतकी वर्षं चाललंय. टायर हातात घेऊन तिनं आत डोकावलं.

"पोट खाली हाय इचं. मग भर ना."

"कशानं भरू?"

"एवड्या पेंढ्यात बसलीस आन इचारतेस कशानं?"

दोघी मिळून बसलो. पेंढा भिजवून तिनं मनगटाएवढा दोर वळला, मी तो आत दाबून बसवला, वेढ्यावर वेढा, जागा उरेना तोवर. टायर चाकावर चढवताना तोंडातून निघू नयेत असे शब्द निघाले. तानीनं ते पुन्हा म्हणून दाखवले, चुकू नये म्हणून.

पेट्रोलचा फवारा करणारं नळकांडं आहे, त्याची बारीक भोकं चोंदली होती. सुई जात नव्हती. तानीनं संध्याकाळी रानडुकराचे राठ केस आणून दिले. ते गेले. तिला म्हटलं, पहिली बसायला तू. म्हणाली, "मी नाय गो. मला मरायची घाई नाय."

४ जानेवारी १९६२

सगळीकडे अष्टग्रहीचं बोलणं. पुढच्या महिन्यात आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार. पाटील आज मुद्दाम छपरीच्या दारात येऊन म्हणाले, जग बुडायचंय आणि वैनी मोटर दुरुस्त करतेय. मी म्हटलं, बुडायचंच असेल तर तुम्ही पंचायतीची पट्टी कशाला गोळा करताय? ते गेले.

प्लगला ठिणगी नाही. ठिणगी देणाऱ्या डब्याला मॅग्नेटो म्हणतात. आत ओल धरली असणार. सोडवून शिंक्यात घालून चुलीवर टांगला, सुक्या बोंबलांच्या शेजारी. कमळनं नाक मुरडलं. म्हणाली, आता बोंबलाला मोटरीचा वास आणि मोटरीला बोंबलाचा.

८ जानेवारी

मॅग्नेटो एकाच बाजूनं भाजेल अशी मला काळजी होती. पण रोज सकाळी बघते तर तो फिरलेला असतो, कालची वरची बाजू खाली. वाऱ्यानं शिंकं फिरतं बहुधा.

चांगो मिस्त्री आला. म्हणाला, इकडून चाललो होतो. कसाऱ्याहून निघून आमच्या गावावरून कुठे जाता येत नाही. हँडल फिरवून बघितलं, एकदा, दोनदा. उंबरमाळीचा ट्रक आज निघालाच नाही. मग मॅग्नेटो कुठल्या खुणेवर बसवायचा ते दाखवलं आणि कढत पाण्याची युक्ती आपणच पहिल्या दिवशी सांगितली होती, असं म्हणाला. मी वाद घातला नाही. काम चांगलं करत होता.

पेट्रोलची टाकी चाळणी झाली आहे. तिच्याऐवजी तेलाचा पत्र्याचा डबा वर बांधला, नळी खाली सोडली. दिसायला सलाईनच्या बाटलीसारखं दिसतं. चालेल. ती आजारीच आहे.

१३ जानेवारी

हँडल उलटलं. इंजिन खोकललं आणि हँडलानं माझ्या हाताला असा फटका दिला की मी मागच्या मागे पेंढ्यात पडले. ह्यांनी शिकवलं होतं की अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलाभोवती आवळायचा नाही. तो तसा ठेवला होता म्हणून हाड वाचलं. मनगट सुजलं आहे. कमळनं हळद आणि आंबेहळद लावून बांधलं, आणि बांधता बांधता सांगितलं की भाकऱ्या आता तिलाच थापाव्या लागणार, कोणाला मोटरी सुचतात आणि कोणाला राबणं.

डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर वाईट आहे.

आज खरंच वाटलं, पुरे. गणूची गिरणी होऊ दे. गाडी गेली तर मला कोणी घराबाहेर काढणार नाही. भाकरी मिळेल, कोपरा मिळेल. पण मग या घरात मी भाकरी आणि कोपरा एवढीच राहीन. आज छपरीत एक वस्तू आहे जिच्याबद्दल बोलताना त्यांना मला विचारावं लागतं.

पण तीही खोकललीच की आज. म्हणजे जिवंत आहे.

१७ जानेवारी

पेटली. चांगोनं हँडल मारलं. किती वेळा ते विचारू नये. शेवटी एक मोठा बार झाला, धूर, तळलेल्या भज्यांचा घमघमाट, आणि मग ती चालू राहिली. छपरीचा पत्रा थरथरत होता. कोंबड्या कौलांवर. मी तिच्या नाकावर हात ठेवून उभी होते. चांगो ओरडून काहीतरी सांगत होता, ऐकू आलं नाही.

बाहेर आले तर गणू बांधावर उभा होता, आमच्याकडे पाठ करून, उपरणं तोंडाला लावून. धूर त्याला सोसत नाही. किंवा राग आला असेल. हाक मारली, त्यानं मान हलवली, वळला नाही.

इंजिन पेटलं म्हणजे गाडी चालली असं नाही. क्लच चिकटतो, ब्रेकच्या तारा कुजल्या आहेत. तीन दिवस आहेत.

२० जानेवारी, पौष पौर्णिमा

सगळं नीट लिहिते.

सकाळपासून मुरबाडच्या रस्त्यानं जत्रेला गाड्या चालल्या होत्या. भंगारवाला टेम्पो आणि दोन हमाल घेऊन आठालाच दारात. त्यानं गाडीवर थाप मारून बघितली, म्हैस बघतात तशी. मी म्हटलं, हात काढ. काढला. पाटील, गुरुजी, निम्मं गाव अंगणात. तानी वाडीवरच्या बायका घेऊन आली होती. म्हणाली, जत्रेला चाललो होतो, इथंच बरी जत्रा हाय.

हँडल मी मारायचं ठरवलं होतं, मनगट बांधून. पण पेटल्याबरोबर आत बसून पितळी दांडा ओढून धरायला कोणी हवं, नाहीतर विझते. चांगो पुढे झाला. तेवढ्यात कमळ पदर खोचून चालत आली आणि गाडीत जाऊन बसली. म्हणाली, "माजी तुरेवाली कोंबडी हाय सीटखाली, ती काडते." कोंबडी काढली नाही. मी तिला दांडा दाखवायला वाकले, तर तिचा हात आधीच बरोबर दांड्यावर होता. योगायोगानं.

पेटली. मी धावत जाऊन चाकामागे बसले. वीस-बावीस वर्षांनी. पाय विसरले नव्हते. पहिला गिअर घातला तशी तिनं उडी मारली आणि दारापर्यंत आली. आणि उंबऱ्यापुढचा खड्डा, जिथे बैलांच्या येण्याजाण्यानं जमीन खचली आहे, त्यात पुढची दोन्ही चाकं गेली. विझली.

अर्धी आत, अर्धी बाहेर. पाटील म्हणाले, अर्धी वैनीची, अर्धी भंगाराची. अंगण हसलं. भंगारवाला पुढे सरकला. चांगो मदतीला धावला, मागून खांदा लावायला.

"हात लावू नको," मी ओरडले. "कोनी हात लावायचा नाय."

उतरले. हँडल घातलं. मनगटाचं फडकं सोडून टाकलं, कारण पकड बसत नव्हती. पहिल्या वेळेला काही नाही. दुसऱ्या वेळेला नुसती शिंकली. मला सगळ्यांचे पाय दिसत होते, चेहरे मी बघत नव्हते. गाडीत बसलेली कमळ दात आवळून म्हणाली, "मार ना आक्का. काय बगतेस."

मारलं. पेटली.

या वेळी मी घाई केली नाही. क्लच हळू सोडला, ह्यांनी सांगितला होता तसा, झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढावा तसा. मागची चाकं मातीत फिरली, पेंढ्याचा वास आला, गाडी थरथरली, आणि खड्ड्यातून वर चढून अंगणात आली. सबंध.

पाटील काहीतरी म्हणाले असतील. मी थांबले नाही. थांबता येतही नव्हतं, ब्रेक नाही. अंगण संपलं, तुळस वाचली, आम्ही पाणंदीनं खाली आणि तिथून रस्त्यावर. जत्रेच्या बैलगाड्यांची रांग. बैल बिचकले, गाडीवाल्यांनी आमच्या सात पिढ्या काढल्या. एक म्हातारा उभा राहून ओरडला, "दोन बाया! दोन बाया हायत आत!" कमळ इतक्या मोठ्यानं हसली की मी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिचे मागचे दात मी पाहिले नव्हते. तिचा पदर डोक्यावरून उडाला होता आणि तिनं तो परत घेतला नाही. माझाही घेतला नाही. दोन्ही हात चाकावर होते.

चढाच्या वळणापर्यंत गेलो. तिथे रुंद जागा आहे, वळवली, आणि आलो तशाच परत आलो. पडवीसमोर गिअर काढला, ती आपल्या आपण उभी राहिली. पुढच्या एका टायरातून पेंढ्याचं टोक बाहेर आलं होतं आणि धुमसत होतं. तानीनं त्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

भंगारवाला रिकामा टेम्पो घेऊन गेला होता. कमळ उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, चुलीवर भात आहे, कोणाला काळजी आहे का. गेली. तिचा स्वभाव मला कधीच कळला नाही.

मग मी तिथेच बसून राहिले. ह्यांची आठवण काढली नाही. ती काढावी लागत नाही.

२२ जानेवारी

गाडी माझ्या पडवीसमोर आहे. सकाळी तिच्यावर दंव पडलं होतं, मी पुसलं.

गणू आला. पडवीच्या खांबाला टेकला. मग म्हणाला, वैनी, दंव पडतं, पुढे पाऊस आहे, गाडी परत छपरीत घे. गिरणी खळ्याच्या कडेला बसवता येईल, नवी छपरी घालू.

मी म्हटलं, नाही. ठरलं ते ठरलं. छपरी तुझी, गिरणी बसव. पुष्कळ वर्षं झाकून ठेवली, आता ती पेंढ्याखाली जाणार नाही. भिजेल तर भिजेल. रोज चालवीन.

तो गेला नाही. गाडीभोवती फिरला. पहिल्यांदाच तिच्याजवळ आला असेल, इतक्या वर्षांत. दारावरून हात फिरवला. बाहेरच्या बाजूला पितळी भोंगा आहे, त्याचा रबराचा फुगा दाबला. फुगा तडकलेला, नुसती धूळ पडली. त्यानं मागे बघितलं, अंगणात कोणी आहे का. कोणी नव्हतं. मग तो वाकला आणि भोंग्याजवळ तोंड नेऊन स्वतःच्या तोंडानं आवाज काढला. "पों पों." हळूच. चाळिशीचा माणूस, पंचायतीचा मेंबर.

मला काही समजेना. म्हटलं, काय रे?

"काय नाय," म्हणाला, आणि शेताकडे गेला. पुन्हा तेच उपरणं तोंडाला. आज तर धूरही नव्हता.

परवा किन्हवलीचा बाजार आहे. गाडी घेऊन जाणार. कमळ आत्ताच येऊन सांगून गेली की ती येणार नाही, तिला असल्या उद्योगांना वेळ नाही, आणि निघायचं किती वाजता.